गवतगाडीची खंडेनवमी

माझा स्वभाव डूख धरणारा आहे. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी निवळले नाही आणि निवळायची इच्छाही नाही. सोलापुरातल्या त्या मिलच्या मॅनेजरसाहेबांना मी अजून माफ केलेलं नाही. ते गेल्याचं कळलं त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवले.

आमचं क्वार्टर साहेबांच्या बंगल्याच्या मागच्या बाजूला होतं. मध्ये कमरेएवढी भिंत, आणि एका टोकाला माळ्याला येण्याजाण्यासाठी मोडकं फाटक. अप्पा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये मिस्त्री होते. इंजिन कुठलंही असो, कानानं ऐकूनच त्याला काय झालंय ते सांगायचे. पण त्या सुमारास त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. साहेबांनी “बघू, जमतंय तोवर या कामावर” असं म्हणून ठेवलं होतं. म्हणजे नोकरी साहेबांच्या शब्दावर आणि राहतं घर नोकरीवर. मी मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायचे. घरी आले की अप्पांचे डोळे व्हायचे. त्यांनी सांगायचं, मी बघायचं आणि हात चालवायचे. कार्बोरेटर मी असाच शिकले.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती दुधनीकडची. रागावली की कानडीत सुरू व्हायची आणि अर्धी गल्ली ऐकायची. मोरीचं पाणी वळवून तिनं घरामागच्या तुकड्यात झेंडूचा वाफा केला होता. ती फुलं ती कधी विकत नसे. खंडेनवमीला अप्पांच्या खात्यातल्या प्रत्येक मशीनला तिच्या वाफ्यातला हार चढायचा. लग्न होऊन आल्यापासूनचा तिचा हा नेम होता. दुष्काळात तो मोडला. भांडी घासायला पाणी नव्हतं तिथं झेंडूला कुठलं? मात्र त्याच दुष्काळात बंगल्यातल्या गुलाबांना टँकरचं पाणी मिळत होतं. भिंतीवरून पाइपची धार आम्हाला ऐकू यायची. अव्वा रिकामी घागर घेऊन ती ऐकत उभी राहायची. डूख धरायला मला तेवढंही पुरलं असतं.

दुष्काळ सरला, पाऊस झाला, आणि त्या वर्षी वाफा असा तरारला की अव्वा येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून दाखवायची. दसरा तोंडावर आला होता, कळ्या नुकत्या फुटायला लागल्या होत्या.

साहेबांकडे एक गवत कापायची गाडी होती. पूर्वीचा कुणी गोरा साहेब ठेवून गेलेला. ट्रॅक्टरच्या पोरासारखी दिसायची. वर सीट, पुढं चाक, पोटाखाली पाती. सोलापुरात गवत उगवतं किती आणि त्यावर बसून कापायचं ते किती! पण साहेबांना तिचा फार डौल. दसऱ्याच्या दुपारी मुंबईहून मालक मंडळी चहाला येणार होती. त्यांच्यासाठी हिरवळ मागपर्यंत वाढवायचं त्यांच्या मनात आलं. एका सकाळी गाडीवर बसून ते मोडक्या फाटकातून आत आले आणि सरळ अव्वाच्या वाफ्यात घुसले.

अव्वा धावत गेली. “साहेब, साहेब, दसऱ्याची फुलं हायती. एवढा सण होऊ द्या की!”

साहेबांनी गाडी थांबवलीसुद्धा नाही. “झेंडूच तर आहेत, बाई,” म्हणाले. “बाजारात ढिगानं मिळतात.”

वाफा संपेपर्यंत ते गेले आणि आले. शेवटच्या ओळीत गाडी खोकली, धूर सोडला आणि तिथंच बंद पडली. साहेब उतरले, पँट झटकली आणि अप्पांना हाक मारली. “मिस्त्री, दसऱ्याच्या आत ही चालू करून द्या. आणि नीट. मालकांसमोर फजिती नको.”

अप्पा “व्हय साहेब” म्हणाले. मला त्या क्षणी साहेबांच्या बरोबरीनं अप्पांचाही संताप आला. अव्वा मात्र कानडीत एक शब्दही बोलली नाही. तुटलेल्या कळ्या पदरात गोळा करत राहिली. मी तिला एवढी गप्प कधी पाहिली नव्हती. त्याच वेळी मी मनात ठरवलं की ह्या माणसाची फजिती व्हायला पाहिजे, आणि मालकांसमोरच व्हायला पाहिजे.

रविवारी आम्ही कार्बोरेटर उतरवला. गाडी तिथंच, चिरडलेल्या वाफ्यात उभी. एअर फिल्टर काढला तर त्याच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्यांचा लगदा बसला होता. म्हणजे आमचीच फुलं खाऊन ती गुदमरली होती. मी जेवणाच्या जुन्या ताटात रॉकेल ओतून एकेक भाग सोडवला. तळाच्या वाटीत तांबडा गाळ, टाकीचा गंज. जेटचं, म्हणजे पेट्रोलच्या तोटीचं, बारीक भोक बुजलेलं. मी सुई घ्यायला उठले तर अप्पा ओरडले, “सुई न्हाय! भोक मोटं हुतंय. ब्रशाचा केस घे आनि फुंक.” फुंकून फुंकून माझ्या तोंडात रॉकेलची चव राहिली.

अव्वा पायरीवर सूप घेऊन हुलगे निवडत बसली होती. हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, पेजेसारखं माडगं अप्पांना फार आवडायचं. निवडता निवडता तिनं विचारलं, “ह्याचं तोंड कुटलं गं?”

तिनं आपणहून काही विचारलं ह्याचाच मला आनंद झाला. मी वर्गात शिकवते तशी सांगायला लागले. “हे बघ, हे तोंड. इथून वारा आत ओढतं. आत पेट्रोल आणि वारा कालवला जातो. ही आतली गोल चकती बघ. साहेबांच्या हाताशी दांडी असते ना, ती ओढली की चकती उघडते आणि गाडी पळते. दांडी सोडली की चकती मिटते, गाडी हळू होते.”

“असं व्हय,” म्हणाली आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

सगळं जोडून कार्बोरेटर जागेवर बसवला. आता मिश्रणाचा स्क्रू लावायचा राहिला होता, आणि माझा सूड त्या स्क्रूमध्ये होता. तो जरासा जास्त आवळला की इंजिनला पेट्रोल कमी पडतं. थंड असताना गाडी कशीबशी चालते, तापली की आचके देते. मालकांसमोर अर्ध्या हिरवळीत साहेब आचके खात बसलेत, खाली उतरून ढकलतायत, हे चित्र मी झोपताना रोज बघत होते. इंजिन चालू केलं, स्क्रू हवा होता त्याच्या पुढं फिरवला आणि साळसूदपणे म्हटलं, “झालं, अप्पा.”

अप्पा कान तिरका करून उभे राहिले. मग म्हणाले, “पोरी, उपाशी ठिवलीस तिला.”

“बरोबर आहे की.”

“मला दिसत न्हाय, ऐकू येतंय. सोड तो स्क्रू.”

माझा तोल गेला. “कशाला सोडू? त्यानं काय केलं ते विसरलात तुम्ही? ह्याच गाडीखाली गेली ना आपली फुलं?”

“साहेबानं केलं. मशीननं काय केलं?” अप्पांचा आवाज चढला नाही. “दारात आलेल्याला उपाशी धाडत न्हाईत. आनि गाडी बंद पडली तर आदी कुनाकडं बोट जाईल? ह्या वयात तुज्या आईला घिऊन कुटं जाऊ मी?”

मी स्क्रू सोडला. इंजिन एका लयीत गुरगुरायला लागलं, आणि ते इतकं चांगलं लागलंय याची मला चीड आली. रागानं मी स्क्रूड्रायव्हर ताटात आपटला. अव्वानं वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी अवजारांची पूजा होते, आणि पूजा झालेल्या अवजाराला दसरा उजाडेपर्यंत हात लावत नाहीत. पाटावर अप्पांचे नट आवळायचे पाने, विळी, कात्री, माझी कंपासपेटी मांडली. बाहेरची गाडी पूजेत धरायची की नाही यावर मी नाक मुरडलं. अव्वा म्हणाली, “दारात हाय तर पूजा हुनारच.” हारासाठी बाजारातून झेंडू आणावा लागला. तो हार त्या गाडीला घालताना अव्वाकडं बघवत नव्हतं. धुतलेला एअर फिल्टर मी तेल लावून दोरीवर टांगला होता, त्यामुळे कार्बोरेटरचं तोंड उघडंच होतं. अव्वानं त्याला ओलं कुंकू लावलं, बाहेरून आणि बोट घालून आतूनही, आणि वरून अक्षता टाकल्या. साहेबांचा ड्रायव्हर गाडी न्यायला आला तर तिनं त्याला फाटकावरूनच परत पाठवला. “उद्या या. आज हलवायची न्हाय.”

दसऱ्याच्या सकाळी मी फिल्टर चढवायला घेतला. वरच्या अक्षता फुंकरीनं उडवल्या. आत कुंकू दिसत होतं, फडकं घातलं तर अप्पा म्हणाले, “पूजा पुसू नगंस, सनाचा दिवस हाय. कुंकवानं काय हुत न्हाय.” मी फिल्टर बसवून आवळून टाकला. ड्रायव्हर गाडी घेऊन गेला.

दुपारी आम्ही तिघं भिंतीशी उभे होतो. अप्पा ऐकायला, मी जळायला. अव्वा कशाला आली ते मला तेव्हा कळलं नाही, एरवी ती त्या भिंतीकडं फिरकतही नसे. हिरवळीवर खुर्च्या, मालक मंडळी, बायका, कपबशा. साहेब पांढऱ्या पँटमध्ये गाडीवर बसले. झोकात एक फेरी मारली, मालकांना हात केला. दुसऱ्या फेरीत ऐट दाखवायला त्यांनी दांडी पूर्ण ओढली. गाडी सुसाट निघाली. वळणाशी आल्यावर त्यांनी दांडी सोडली.

गाडी हळू झाली नाही.

साहेबांनी दांडी पुढं केली, मागं केली, हातानं आपटली. क्लच नावाची गोष्ट त्यांना आठवलीच नाही. “अरे, अरे, धरा!” असं ते ओरडत होते, आणि माळी जिवाच्या भीतीनं बाजूला पळत होता. गाडी चहाच्या टेबलाला वळसा घालून सरळ गुलाबांत शिरली. दुष्काळात टँकरचं पाणी प्यालेले ते गुलाब, पुण्याहून आणलेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पात्याखाली गेले. पाकळ्या उडाल्या. शेवटी गाडी हौदाच्या भिंतीला धडकून थांबली. साहेब बाजूला चिखलात बसले होते. लागलं काही नव्हतं, पँट तेवढी फाटली होती. मालकांपैकी एक बाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

मी हसले नाही. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं मला आत गार वाटलं. देवानं केलं, असं मी मनात म्हणाले. अक्षतेचा दाणा आत पडला असणार आणि चकतीत अडकला असणार. आमच्या पूजेनंच त्याला धडा शिकवला.

पण तो आनंद फार टिकला नाही. संध्याकाळी साहेब चिखलाच्या पँटनं तसेच आमच्या दारात आले. मागून ड्रायव्हर आणि माळी गाडी ढकलत. “उघडा,” म्हणाले. “माझ्यासमोर उघडा. काय केलंय तुम्ही हिला ते मला बघायचंय. काही सापडलं तर आजच्या आज क्वार्टर खाली.”

फिल्टर मी काढला. अप्पांनी मला बाजूला केलं, म्हणाले, “मला बघू दे,” आणि आत बोट घातलं. त्यांना दिसत तर नव्हतंच. बोट आत फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि मूठ मिटून धोतराला पुसावी तशी पुसली.

“चकती धुळीनं अडकली, साहेब,” ते म्हणाले. “वाफ्यात माती लई हुती. मातीतनं गाडी न्यायची नसती. मी तवाच सांगनार हुतो.”

वाफ्यात गाडी कुणी घातली होती ते ड्रायव्हरलाही माहीत होतं, माळ्यालाही. साहेब वळले, तेवढ्यात अव्वा दारात आली. हातात आपट्याची पानं. तिनं ती साहेबांच्या हातावर ठेवली. “सोनं घ्या साहेब. सोन्यावानी ऱ्हावा. आनि म्होरल्या वर्षी गुलाबाच्या जागी झेंडू लावा, बाजारात ढिगानं मिळतोय.”

ते गेल्यावर अप्पांनी दार लोटलं. आयुष्यात मशीनच्या बाबतीत ते कधी खोटं बोलले नव्हते. जेवायचं ताट पुढं आलं तरी मूठ मिटलेलीच होती. मग त्यांनी ती अव्वासमोर उघडली. तळव्यावर कुंकवानं माखलेला एक दाणा होता. मी तांदूळ समजून वाकून पाहिलं. तो हुलगा होता.

“अक्षतात हुलगा कवापासनं घालाय लागलीस?” अप्पांनी विचारलं.

अव्वा वाढत होती. तिनं त्यांच्या ताटात माडगं वाढलं, पळी पातेल्यात ठेवली आणि म्हणाली, “तांदूळ पिचतोय की.”