डॉक्टर, धाकटीला पाजू का?

मैत्रिणींनो, आज सकाळी पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आले. जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

माझा खोकला तुम्हाला ठाऊकच आहे. महिनाभर बरी असते, मग एकाएकी छाती भरते, ताप चढतो, परसात जाऊन आले तरी धाप लागते. वैद्यबुवा दमा म्हणतात. पावस गावचे डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. आज रत्नागिरीच्या मोठ्या डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ छाती ऐकली.

"क्षय तर नाही ना?" ह्यांनी विचारलं.

"वाटत नाही. पण नाहीच, असंही सांगवत नाही. मुंबईला नेऊन छातीचा फोटो काढा."

पावसाळ्यामुळे मुंबईच्या बोटी बंद. तोवर काय?

मी हळूच विचारलं, "धाकटीला पाजू का?"

डॉक्टर म्हणाले, "सध्या वरचं दूध द्या."

घरी आले तर सासूबाईंच्या कडेवरून पोर माझ्याकडे झेपावली. मी मागे सरले.

"अगो, घे तिला. रडून रडून दमली."

तोंडाला पदर बांधून तिला घेतलं आणि बोंडल्याने गाईचं दूध पाजलं. ती सारखी माझा पदर ओढत होती.

तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली होती का? तान्ह्या पोरीला लांब कसं ठेवायचं, सांगाल का मला?