दामलेबाई आणि न उघडलेली मेल

दामलेबाई इंटरनेट चित्रांशिवाय बघायच्या. ब्राउझरमधली चित्रं बंद, आपोआप चालणारं सगळं बंद. इतरांच्या पडद्यावर रंगीत, हलणारी पानं असायची. बाईंच्या पडद्यावर नुसती काळी अक्षरं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "मी घर बघायला आलेय, रोषणाई नाही."

कर्वे रस्त्यावरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतली सगळी मशिनं आणि मेल बाईंच्या ताब्यात होती. बँकेतली नोकरी सोडून आलेल्या, पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या बाई. ब्राउझरच्या सुरक्षेत नवं भोक सापडल्याची बातमी आली की त्यांचा चेहरा खुलायचा. मागोमाग दुरुस्तीचा पॅच यायचा, त्याला त्या ठिगळ म्हणत. "आधी कापड विकायचं, मग ठिगळं वाटायची. धंदा असावा तर असा."

माझी ती पहिली नोकरी. शिक्षण सगळं इंग्रजीत. मराठी बोलताना अडखळायचे, म्हणून फारशी बोलायचेच नाही. बाई मात्र प्रश्न विचारून थांबून राहायच्या. "शोध शब्द. मला घाई नाही."

एका सोमवारी माझ्या नावाने सगळ्या ऑफिसला आणि काही ग्राहकांनाही मेल गेली: 'तुझ्यासाठी माझे खास फोटो'. मी ती पाठवली नव्हती. अनोळखी माणसाची एक मेल आली होती; मी ती उघडलीही नव्हती. यादीत तिच्यावर माउसची टिचकी पडली, खालच्या चौकटीत मजकूर दिसला, आणि तेवढ्यावर व्हायरस माझ्याकडच्या सगळ्या पत्त्यांवर पोचला. दुपारपर्यंत मुलगे येता-जाता विचारू लागले, फोटो कधी दाखवतेस. आमचे साहेब जोगळेकर म्हणाले, नको ते उघडल्याशिवाय असं होत नाही. मी राजीनामा टाइप केला.

बाईंनी सगळ्यांना साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं आणि मला स्वतःशेजारी बसवलं.

"अहो जोगळेकर, मी तुम्हाला मेल पाठवलीय. तिच्यावर एक टिचकी मारा, उघडू नका. आता हात मांडीवर."

खालच्या चौकटीत 'नमस्कार' एवढंच उमटलं. आणि पडद्यावर कॅल्क्युलेटर आपोआप उघडला.

"काय उघडलंत तुम्ही?"

साहेब म्हणाले, काहीच नाही.

"हिनंही तेवढंच उघडलं होतं. भोक तेच, माझ्या मेलमध्ये फक्त विष नव्हतं. मशिनं मी संध्याकाळपर्यंत दुरुस्त करते. पोरीचं नाव तुम्ही दुरुस्त करायचंय."

साहेबांनी तिथेच बसून सगळ्यांना, ग्राहकांनाही लिहिलं, की दोष सॉफ्टवेअरचा होता, माझा नव्हता. बाईंनी मागे उभं राहून ते वाचलं आणि त्यात माफीचं एक वाक्य घालायला लावलं.

खाली टपरीवर चहा घेताना मी राजीनाम्याचं सांगितलं.

"पाठवलास?"

"अजून नाही."

"मग उद्या लवकर ये. एवढी मशिनं मला एकटीला झेपायची नाहीत."

मी गेले. पुढे बाई निवृत्त होईपर्यंत त्यांच्या शेजारीच बसले, आणि नंतर त्यांचं काम माझ्याकडे आलं.

गेल्या वर्षी बाई वारल्या. धायरीला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले. मुलाने मला पूर्वी पाहिलं नव्हतं. नाव सांगितल्यावर म्हणाला, "तुम्हीच का त्या? आई सांगायची, माझ्यापेक्षाही संशयी मुलगी मिळालीय, आता काळजी नाही."

तो आणखी काही म्हणेल म्हणून मी जरा थांबले. त्या सोमवारबद्दल तो काहीच बोलला नाही. बाईंनी ती गोष्ट घरीसुद्धा नेली नव्हती.