गुरुवारची मीटिंग

चाकणच्या कंपनीत मी तात्पुरती लागले होते. शिफ्टचं वेळापत्रक सर्वांच्या कॅलेंडरमध्ये आपोआप टाकणारा जावा प्रोग्रॅम जमला, तरच नोकरी पक्की होणार होती. कंपनीच्या मेल सर्व्हरशी बोलणारी तयार कोडची लायब्ररी मिळाली, पण लॉगिनच होईना. एकदाचं झालं, तेव्हा घाईघाईने चाचणीची मीटिंग टाकली, गुरुवारची. आमच्या भागात कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी, म्हणून सगळी कॅलेंडरं रिकामी. आमंत्रणं खरोखर जातील, हे डोक्यातच आलं नाही.

सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, गुरुवारी पोरीला बघायला राजगुरुनगरहून पाहुणे येणारेत. त्यांनाही कंपनीतच बोलवू का?"

मी मीटिंग पुसली. ती फक्त माझ्या कॅलेंडरमधून गेली. इतरांना रद्द झाल्याचं कळवणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. आता माझ्याकडे मीटिंगच नसल्याने रद्द करायलाही काही उरलं नव्हतं आणि फोन वाजतच होते.

शेवटी खाली कारखान्यात उतरले आणि मशीनमागून मशीन सांगत फिरले, "गुरुवारी सुट्टीच आहे."

माझी नोकरी पक्की करणारे साहेब मागे येऊन उभे राहिले. "हे तुमचा प्रोग्रॅम सांगणार होता ना?"

"सांगेल," मी म्हणाले आणि पुढच्या मशीनकडे वळले.