डावीचा विळा

तोंडावर तिला डावीकाकू म्हणत, पाठीमागे नुसती डावी. पाणीपुरवठ्याच्या मोठ्या आवारात गवत कापणारी टोळी होती, तिच्यात ती एकटीच डावखुरी. आणि कोयत्याने गवत कापणारीही ती एकटीच.

खरं म्हणजे कोयता हे गवताचं हत्यार नव्हेच. तो फांद्या तोडायला, झुडपं आडवी करायला. गवताला विळा. मूठभर गवत धरायचं, बुडाशी पातं लावायचं आणि आपल्याकडे ओढायचं. दाते करकर करत जातात आणि मागे जमीन नुकतीच हजामत केल्यासारखी दिसते. कोयत्याने मात्र हाणावं लागतं. कोवळं गवत घाव बसायच्या आत मान वाकवतं आणि कोयता पुढे गेला की पुन्हा उभं राहतं. म्हणून डावी उजव्या हातात एक आकडी, म्हणजे वाकड्या टोकाची काठी ठेवी, त्या काठीने गवत अडवून धरी आणि डाव्या हाताने सपकन घाव घाली. काम उरके, पण मागे बोटबोट खुंट राहत. तिला रांगेच्या डाव्या टोकाला बसवत, म्हणजे कोयता कुणाच्या अंगावर येत नसे. तिच्या उजवीकडे तिचा नवरा.

"ही काय कापणी झाली?" तो म्हणायचा. "उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसतंय."

"तुमच्या विळ्याला म्हणावं, घाणेरीच्या झुडपाचं खोड तोडून दाखव. सगळे दात हातात येतील म्हाताऱ्याचे."

हा वाद लग्नाइतकाच जुना होता. नवऱ्याला टोळी धारवाले काका म्हणे. सगळ्यांच्या हत्यारांना तोच धार लावी, आणि लागली की नाही हे स्वतःच्या डाव्या हातावरच्या केसांवर पातं फिरवून बघे. त्यामुळे त्याचा एक हात अस्वलाचा आणि दुसरा सोललेल्या काकडीसारखा. विळ्यावर बोलायला लागला की जेवण गार होई. पण बायको विळा का धरत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. बाजारातल्या विळ्याचे दाते पात्याच्या एकाच अंगाला कोरलेले असतात, उजव्या हाताच्या सोयीने. डाव्या हातात तो उलटा पडतो आणि गवतावरून नुसता घसरतो. कोयत्याला दोन्ही अंगांनी धार. त्याला कुठलाही हात चालतो.

मग मुकादम बदलला. नव्याला टापटिपीचं वेड. डावीचे खुंट बघून तो म्हणाला, "काकू, सोमवारपासून सगळ्यांनी विळा. मी मागे उभा राहून बघणार. जमलं नाही तर घरी आराम करा, वयही झालंय."

डावीला धास्ती होती ती त्या आरामाचीच. घरी सून होती, सून चांगली होती, आणि पंचाईत तीच होती. ती सासूला कपसुद्धा विसळू देत नसे. दिवसभर टोळीतल्या बायकांबरोबर हाताइतकंच तोंड चालवणारी बाई पंख्याकडे बघत बसली असती तर महिन्याभरात वाळून गेली असती.

नवऱ्याने सायकल काढली आणि लोहार गाठला. आपला विळा नमुन्याला धरून त्याने समजावलं, "दाते या अंगाला नकोत, त्या अंगाला." लोहार म्हणाला, "कळलं. डावा विळा." रविवारी विळा गोणपाटात गुंडाळून घरी आला. काकांनी हातावरचे चार केस उडवून दाखवले आणि तो बायकोच्या पुढ्यात ठेवला.

डावीने घरामागे जाऊन हळूच गवताला लावून पाहिला. घसरला. दाते निरखून पाहिले, तर सगळे जुन्याच बाजूला. नवऱ्याने समजावताना बाजू आधीच उलटून दाखवली असणार, आणि गिऱ्हाईक सरळच दाखवतं असं धरून लोहाराने ती मनात पुन्हा उलटली असणार. दोन शहाण्यांनी मिळून साधा विळा घडवला होता.

"कसा आहे?" काका दारातून म्हणाले. चेहऱ्यावर पहिला नातू झाल्यासारखा आनंद.

"छान आहे हो," डावी म्हणाली. तिने त्यांच्या कुठल्याही वस्तूला असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांना तिथेच संशय यायला हवा होता.

सोमवारी रांग लागली. मुकादम मागे, हाताची घडी घालून. डावीचा विळा घसरत होता. ती हातानेच गवत उपटून कापल्यासारखं दाखवत होती. काकांनी तिरक्या नजरेने पाहिलं, विळा तिच्या हातातून घेतला, दात्यांवर अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा उतरला.

"गप्प बसा," डावी पुटपुटली. "माझा हात चालत नाही म्हणून सांगते. सगळ्यांच्या हत्यारांना धार लावता, हे कळलं तर लोक जन्मभर हसतील."

काका उभे राहिले. "मुकादम, हिचा हात ठीक आहे. मी लोहाराला डावा विळा सांगितला आणि उजवाच करून आणला."

रांगेतून एक बाई म्हणाली, "काका, डाव्याची मजुरी जास्त घेतली असेल ना?"

"घेतली," काका म्हणाले.

त्यावर सगळी रांग गवतात लोळली. मुकादमालाही हसू आवरेना. डोळे पुसून तो म्हणाला, "काकू, कुंपणाची कड घ्या. तिथे घाणेरी माजली आहे, विळे मोडतात. कोयताच आणा. खुंट राहिले तरी तिकडे कुणी फिरकत नाही."

"कुणी फिरकत नाही?" डावी म्हणाली. "मग मी बोलू कुणाशी? त्यापेक्षा घरी पंखा बरा."

मुकादमाने डोकं खाजवलं. "बरं, फांद्या ओढायला दोघी घेऊन जा."

तिने निवडून दोघी नेल्या, ऐकून घेणाऱ्या. दुपारी मुकादम काम बघायला म्हणून कुंपणाकडे गेला, तो बराच वेळ तिकडेच. तिकडून हसण्याच्या लाटा येत होत्या. परतला तेव्हा खुंटांबद्दल चकार शब्द न काढता तो काकांपाशी थांबला आणि विचारू लागला, "काका, लोहाराने खरंच तुमच्या पाया पडून विचारलं होतं, की डावा हात कुठला?"

काकांनी मान खाली घालून गवताची मूठ धरली. डावी लोहाराकडे गेलीच नव्हती; ही गोष्ट तिने कुंपणापाशी बसून रचली होती.