खाडाखोडरावांची सायकल

परवाना कार्यालयातल्या तीन नंबरच्या खिडकीमागे सत्तावीस वर्षं बसलेल्या या गृहस्थांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. सगळे त्यांना खाडाखोडराव म्हणत. अर्जावर एक अक्षर जरी खोडून दुरुस्त केलेलं दिसलं, की कागद काचेखालून परत! "नवा अर्ज भरा. खरी माहिती, स्वच्छ अक्षर. खाडाखोड चालणार नाही." एकदा त्यांनी खुद्द मोठ्या साहेबांचा अर्ज परत केला होता. बढती गेली, पण बाणा गेला नाही.

अशा माणसाने चौपन्नाव्या वर्षी अर्जात धडधडीत खोटं लिहिलं, तेही सायकलच्या दुकानात.

कारण घरातच होतं. त्यांची बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. दोन वर्षांपूर्वी तिने सायकल घेतली आणि दर रविवारी मैत्रिणींबरोबर जंगलातल्या कच्च्या रस्त्याने टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊ लागली. पहिल्याच रविवारी तिने विचारलं होतं, "अहो, तुम्हीही चला की." तेव्हा हे महाशय वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाले, "या वयात हे धंदे शोभतात का?" तिने पुन्हा विचारलं नाही. तेव्हापासून रविवारी सकाळी घरात ते आणि थर्मासमधला चहा. ती परतायची ती हसत. कोण कुठे घसरलं, कोणाची चेन पडली, सगळं सांगायची आणि त्यातलं यांना काही कळायचं नाही. फार एकटं वाटायचं त्यांना. पण बोललेला शब्द गिळणार कोण? त्यापेक्षा गुपचूप सायकल घ्यायची आणि एका रविवारी तिच्या आधी टाकीपाशी जाऊन उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुकानवाल्या बाईंनी ग्रीसचे हात पुसत एक कागद पुढे केला. "काका, आधी हा भरा. कोण कुठे चालवणार ते कळल्याशिवाय मी सायकल दाखवत नाही."

ते 'काका' वर्मी लागलं. शेजारी एक दाढीवाला तरुण अर्ज भरत होता. खाडाखोडरावांनी तिरक्या नजरेने पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कॉपी केली. कुठे चालवता? 'खडकाळ उतार.' उडी किती? 'चार फूट.' आठवड्यातून किती दिवस? 'पाच.' कोणासोबत? हे मात्र त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिलं: 'एकटा.' अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही.

बाईंनी अर्ज पाहिला, मग त्यांचे पॉलिश केलेले बूट पाहिले.

"चार फूट?"

"कमीत कमी," खाडाखोडराव म्हणाले.

मग मागे-पुढे दणकट सस्पेन्शन असलेलं एक धूड बाहेर आलं. "ही डाउनहिल. वर गाडीत घालून न्यायची आणि खाली सुटायचं. चालवून बघता?" "गरज नाही," ते म्हणाले, कारण दाढीवाला बघत होता.

रविवारी बायको आंघोळीला गेल्यावर ते निघाले. पहिल्या चढालाच कळलं की पांढरा हत्ती पोसायला घेतलाय. पायडल मारलं की सायकल खाली बसायची, सोडलं की उठायची; पुढे मात्र जायची नाही. दोनशे पावलांवर ते उतरले आणि ढकलू लागले. मागून घंटी वाजली. मैत्रिणी "नमस्कार!" म्हणत पुढे गेल्या. बायको थांबली. तिची सायकल हलकी, पुढे तेवढं सस्पेन्शन, मागून ताठ.

"अहो, ही कोणाची?"

"माझी," ते धापा टाकत म्हणाले.

तिने ओठ चावून हसू दाबलं. "ही उतरायची सायकल आहे. तुम्ही निघालात चढायला. उद्या जाऊन बदलून आणू."

दुसऱ्या दिवशी दुकानवाल्या बाईंनी तोच अर्ज काढला. "बदलून देते. पण या वेळी खरं लिहा."

"नवा अर्ज द्या."

"नको, यावरच खोडून लिहा. कुठे चुकलं ते मला दिसू दे."

बायको खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवून उभी राहिली. खाडाखोडरावांनी पेन उचललं. 'खडकाळ उतार' खोडून 'जंगलातला कच्चा रस्ता' लिहिलं. 'चार फूट' खोडून 'खड्डा आला तर उतरतो'. 'पाच' खोडून 'रविवार'. चौथ्या प्रश्नापाशी पेन अडलं. बायको आता चष्मा लावून खांद्यावरून वाचत होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी 'एकटा' खोडलं आणि लिहिलं: 'बायकोसोबत. तिने पुन्हा विचारलं तर.'

तिने त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि दुसरं वाक्य खोडून टाकलं.

"खाडाखोड झाली हो," ती म्हणाली.

"चालेल," खाडाखोडराव म्हणाले.