धोटा जातीची जहाजं

माझा थोरला भाऊ गेला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यानं आकाशात लढणारी अकरा जहाजं बांधली. कागदावर, बरं का. समुद्र आमच्या घरात कुणीच पाहिला नव्हता. सोलापुरात पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं, उन्हाळ्यात तेही तळाला जायचं. पण वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात दादानं लढाऊ गलबतांची चित्रं बघितली होती. तिकडं म्हणे एकसारख्या बांधणीच्या जहाजांची एक जात धरतात आणि त्या जातीला नाव देतात. दादानं आपल्या जातीला नाव दिलं, धोटा.

शेजारच्या गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचे माग होते. दिवसभर खटक-खट चालायचं. मागावर उभ्या सुतांमधनं इकडून तिकडं पळतो ना, तो लाकडी धोटा. दोन्ही टोकांना अणकुचीदार, पोटात सुताची कांडी. दादा म्हणायचा, "त्याला वळावं लागत नाही, बये. गेल्या वाटेनं तसाच उलटा येतो. शत्रूला पाठ दिसायचा प्रश्नच नाही." त्याच्या जहाजांच्या पोटात उजेडाच्या सुताची कांडी होती. मंगळावरनं फौज आली की अकराच्या अकरा धोटे पृथ्वीभोवती जाळं विणायचे.

आईला ह्यातलं 'जात' तेवढं कळलं. "जहाजांनाबी जात असते व्हय रे?"

"असते की."

"मग सोवळ्यात चालतील का तुझी?"

"ती तुझ्या स्वयंपाकघरात कशाला येतायत? तू मलाच येऊ देत नाहीस."

दादाला क्षय झाला होता. त्याचं अंथरूण माळवदावर, पेला वेगळा, ताट वेगळं. मी त्याच्यापासून तीन हात लांब बसायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तीन हात म्हणजे किती हे मी रोज मोजायची, आणि रोज थोडं कमी मोजायची.

दादाला एकच हवं होतं. ही गोष्ट पुण्याच्या एका मासिकात छापून आलेली डोळ्यांनी बघायची. कधीपर्यंत, ते तो बोलायचा नाही. त्याच्या वहीतलं अक्षर आता थरथरत होतं, आणि वडील मास्तर, त्यांचा नियम कडक. त्यांनी बजावलं, "परक्याच्या हाती जाणाऱ्या कागदाला तू शिवायचं नाहीस." मग तो वहीतनं सांगणार आणि मी चांगल्या कागदावर उतरवणार, असं ठरलं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, पुढचं सगळं त्या माळवदावर शिकले. सव्वीस पानं झाली. मी वाचून दाखवली, दादानं डोळे मिटून ऐकली. वडिलांनी न वाचताच टपालात टाकली. पोराच्या गोष्टी वाचायचं त्यांना त्या दिवसांत होत नव्हतं.

रोज टपालवाला गेला की वरनं हाक यायची, "काय गं, आलं का?"

आलं एक दिवस. लिफाफा जाड होता, म्हणजे पानं परत आली होती. साभार परत, आणि खाली शाईनं एक ओळ: 'आपले घोटे आकाशात पोचले, पाय कुठे राहिले?'

मला आधी कळेचना. मग पानं उलटली. सव्वीसच्या सव्वीस पानांत मी ध चा घ केलेला. अकरा घोटे आकाशात निघाले. घोट्याच्या पोटात कांडी होती. शत्रूनं घोट्यावर तोफ डागली. आता तुम्ही हसाल, हसा. वाचताना मी धोटाच वाचत होते, मग ऐकणाऱ्याला कळणार कसं?

मी लिफाफा शेणीच्या ढिगामागं लपवला आणि वर जाऊन सांगितलं, "नाही आलं." तसं बारा दिवस सांगितलं. खाली बसून नवी प्रत करत होते. तेराव्या दिवशी दादा म्हणाला, "बोटं बघू. टपाल येत नाही, मग शाई कसली गं ही?"

मी रडत लिफाफा आणला. त्यानं हात पुढं केला, आणि मग स्वतःच मागं घेतला. "तूच वाच."

मी ती ओळ वाचली. दादा हसला. लई दिवसांनी हसला, आणि हसण्याचा खोकला झाला, फडकं लाल झालं. थांबल्यावर त्यानं कोळसा मागितला आणि कठड्याच्या चुन्यावर दोन मोठी अक्षरं काढली.

"हा घ. घराचा. ह्याच्या डोक्यावर आख्खं छप्पर. आणि हा ध. डावीकडं गाठ, आणि गाठीवर छप्पर नाही, आभाळ मोकळं. माझी जहाजं तू छपराखाली कोंडलीस की गं."

नवी प्रत मी तीन दिवसांत पुरी केली आणि ती टपालात गेली. तिचं उत्तर यायच्या आत दादा गेला. उत्तर नंतरही आलं नाही, पानंही परत आली नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दादाचा हात लागलेलं सगळं घरच्यांनी जाळलं. गादी, घोंगडी, वहीसुद्धा. कठड्याला वडिलांनी स्वतः चुना दिला. दोन हात दिले, तरी कोळसा चुन्याखालनं दिसत होता, मग तिसरा दिला.

राहिली ती पहिली प्रत. तिला दादाचा हात लागला नव्हता म्हणून राहिली. पुढं लग्नात मी ती लुगड्याच्या घडीत घालून नेली. एकदा सुई घेऊन बसले, घ वरची रेघ खरवडून ध करावा म्हणून. पहिल्याच पानाला भोक पडलं. तेव्हापासून तशीच आहे, अकरा घोट्यांची.