तीन दिवस पाण्यात आणि शर्ट खोचलेला

आधी माफी मागतो. नववीत शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि शब्दही साधेच येतील. मोठं काही लिहिणार नाही, आमच्या शेडमधले किस्से आहेत. असे किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. ज्यांचं निम्मं काम वाट बघण्याचं असतं त्यांच्याकडे ते आपोआप साठतात.

मी पळसदरीला ग्रिल-गेटचं वेल्डिंग करतो. पावसाळ्यात रविवारी दुकान बंद ठेवून धरणाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. आम्ही तिघं आहोत. दत्तादादा बुडी मारतो, आणि कर्जत-खालापूर भागात त्याच्याइतका खोल कुणी जात नाही. प्रमोद ॲम्ब्युलन्स चालवतो. मी काठावर दोर धरतो. फिरायला आलेलं कुणी बुडालं की पोलिसांचा फोन येतो आणि आम्ही जाऊन काढतो. बहुतेक वेळा जिवंत नाही.

फोन येईपर्यंत दुपारी माझ्या मोबाईलवर सिनेमे बघतो. झॉम्बीचे, म्हणजे मुडदे उठून चालतात ते. मला त्यांचा नाद आहे. मोठे इंग्रजी नाही, कुठल्या कुठल्या देशांचे, ज्यांची भाषा तिघांपैकी कुणालाच कळत नाही.

"दिवसभर मुडदे काढायचे आनि वर मुडदेच बघायचे," प्रमोद म्हणतो. "तुजं लगीन व्हायचं नाय." आणि सगळ्यात पुढे तोच बसतो.

*

पहिला सिनेमा लावला तो फिलिपिन्सचा होता. गावात पूर येतो, माणसं वाहून जातात, आणि तीन दिवसांनी नदीतून बाहेर येऊन चालायला लागतात. मला तो फार आवडला होता. हळू होता, संगीत जवळजवळ नव्हतंच. मोठ्या धीरानं मी या दोघांना तो दाखवला.

नदीतून पहिला मुडदा वर आला. दत्तादादानं स्क्रीन जवळ ओढली.

"तीन दिवस पान्यात व्हता ना ह्यो?"

"हो."

"मग शर्ट खोचलेला कसा?"

त्यानंतर पुढचा दीड तास आम्ही फक्त शर्ट बघितले.

*

तुर्कस्तानच्या एका सिनेमात हिरो मेलेल्या मित्राला खांद्यावर टाकून डोंगर चढतो, मागे पन्नास झॉम्बी. प्रमोदला ते पटलं नाही. भिवपुरीच्या ओढ्यातून आम्ही एका कॉलेजच्या मुलाला वर आणलं होतं. चौघं लागले होते, आणि तरी तीनदा खाली ठेवावं लागलं होतं.

"जीव गेल्यावर मानूस हलका होत असंल त्यांच्या देशात," प्रमोद म्हणाला.

"कुटंच होत नाय," दत्तादादा म्हणाला.

त्या मुलाचा बाप काठावर उभा होता, आणि प्रत्येक वेळी खाली ठेवलं की विचारत होता, "थकला का हो? मी धरू?"

*

माझं मत विचाराल तर पळणारे झॉम्बी मला आवडत नाहीत. मेल्यावर घाई कशाची? बोलिव्हियाचा एक सिनेमा आहे, त्यात एक मेलेला मास्तर रोज सकाळी वर्गात येऊन फळ्यापुढे उभा राहतो, आणि पोरं भीत भीत हजेरी देतात. तसे मला आवडतात. चांगला झॉम्बी सिनेमा तो, ज्यात मुडद्याला कुणीतरी नावानं हाक मारतं.

प्रमोदचं मत वेगळं आहे. "मुडदा चालायला लागला तर माजी गाडी कोन बोलवंल?"

*

खालापूरच्या बाजूला एका फार्महाऊसचं गेट मी बनवलं. बसवायला हे दोघं मदतीला आले. गेट उतरवताना दत्तादादाची नजर स्विमिंग टँककडे गेली. एक जाडे साहेब पाठीवर तरंगत होते. डोळे मिटलेले, हात पसरलेले.

दत्तादादानं गेट सोडलं. माझ्या आणि प्रमोदच्या हातात सगळा भार आला. तो कपड्यांसकट टँकमध्ये गेला, साहेबांना मागून काखेत धरलं आणि खेचत काठाला आणलं. साहेब किंचाळायला लागले. त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी.

दत्तादादानं साहेबांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "जित्ता हाय."

गेट बसलं. परत काम मिळालं नाही.

*

तो तोंडाकडे का बघतो, ते सांगायला हवं.

किशोर त्याचा धाकटा भाऊ. तोही आमच्यातलाच. तीन वर्षांपूर्वी खालापूरला पाताळगंगेच्या पुरात एक माणूस अडकला होता, त्याला काढायला किशोर उतरला. माणूस निघाला, किशोर नाही निघाला. दोर माझ्याच हातात होता. वर ओढला तेव्हा नुसता दोर आला.

अकरा दिवस शोधलं, नंतरही शोधत राहिलो. भटजींनी सांगितलं, देह मिळत नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस मांडा, त्याला अग्नी द्या आणि पुढचे दिवस करा. दत्तादादा तयार होता. त्यांची आई म्हणाली, "माजं लेकरू पानांचं नव्हतं."

तेव्हापासून ते तसंच राहिलं आहे. दत्तादादा पाण्यातून कुणालाही काढतो तेव्हा आधी तोंड बघतो. आताशा फोन नसला तरी जातो, एकटा, दोर न बांधता, पूर असला तरी. मागच्या श्रावणात प्रमोद त्याला तोंडावर म्हणाला, "दादा, तू असाच जात ऱ्हायलास तर एक दिवस आमाला तुला हुडकायला लागंल."

"मग हुडका," दत्तादादा म्हणाला. "आई हो म्हनंपर्यंत मी काय करू? घरात बसू?"

*

एका पोर्तुगीज सिनेमात एक बाई चाळीस मुडद्यांच्या गर्दीत नवऱ्याला ओळखते. तोंड राहिलेलं नसतं. ती त्याच्या पायाच्या बोटांवरून ओळखते. प्रमोद हसला. मी म्हणालो, खोटं वाटतं.

"नाय," दत्तादादा म्हणाला. "ह्ये बराबर हाय. परत लाव."

तेवढा तुकडा मी चार वेळा लावला. पाचव्यांदा लावायला गेलो तेव्हा त्यानं मोबाईल उलटा करून ठेवला.

"सिनेमातले परत तरी येत्यात रं," तो म्हणाला.

*

आता शेवटचा. हा याच भाद्रपदातला.

दत्तादादाची आई शेडवर कधी येत नाही. त्या रविवारी कर्जतच्या बाजारातून परत येताना पावसानं गाठलं म्हणून आत आली. पिशवी ठेवली, बाकावर टेकली. मोबाईलवर सिनेमा चालू होता, उत्तरेकडच्या कुठल्यातरी थंड देशाचा. समुद्रात बुडालेले कोळी परत येतात आणि गावाला नुसत्या फेऱ्या घालतात. कुणाला चावत नाहीत, कुणाचं दार वाजवत नाहीत. गावातले लोक खिडकीतून गोळ्या घालतात, ते पडतात, उठतात, पुन्हा फिरायला लागतात.

"ही कोन मानसं?" आईनं विचारलं.

"मेलेली हायत, आई. पान्यात," प्रमोद बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

दत्तादादानं बंद करायला हात पुढे केला. आईनं त्याचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे."

एक तास ती हलली नाही. पाऊस थांबला तरी उठली नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. दोर माझ्या हातात होता हे तिला माहीत आहे, आणि तीन वर्षांत ती मला त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. सिनेमा संपला तेव्हाही ते कोळी फिरतच होते.

"ह्यांचं दहावं-तेरावं कुनी केलंच नाय वाटतं," आई म्हणाली.

मी मोबाईल बंद केला.

"किती वर्सं झाली रं, दत्ता?"

"तीन."

"तीन," ती म्हणाली. मग पिशवी उचलून उभी राहिली. "त्याचं पाय दुकत असतील."

दारापर्यंत गेली, आणि मागे न बघता मला म्हणाली, "तुजं दुकान उद्या बंद ठेवशील का, बाळा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोणी घेऊन धरणाच्या वरच्या रानात गेलो. दत्तादादा आधीच आला होता आणि हात पोचेल तेवढ्या फांद्यांवरची पळसाची पानं त्यानं काढली होती. मी उंचावरची काढायला लागलो. आई खाली बांधावर बसली होती आणि फाटकी पानं बाजूला टाकत होती.